बेडसाइड कॉट निवडताना : आधी पलंग मोजा, मग कॉट बघा

मापटं (धागाकर्ता)

बेडसाइड कॉट म्हणजे मोठ्यांच्या पलंगाला खेटून बांधायची बाळाची छोटी कॉट. तीन बाजू कायम वर, पलंगाकडची चौथी बाजू खाली येणारी. बाळ हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या गादीवर. कल्पना इतकी सोपी आहे की लोक रंग, चाकं आणि खालची टोपली बघून ती विकत घेतात आणि घरी आणल्यावर कळतं, ती आपल्या पलंगाला लागतच नाही.

त्यामुळे या धाग्याचा क्रम उलटा ठेवूया. दुकानात जायच्या आधी टेप घेऊन पलंगापाशी बसा आणि पुढची मापं कागदावर लिहा.

पहिलं, जमिनीपासून गादीच्या वरच्या पातळीपर्यंतची उंची. रोज जी चादर, जो टॉपर असतो तो घालूनच, आणि गादीच्या मध्यात नाही तर काठापाशी. दुसरं, हीच उंची कुणी काठाजवळ आडवं झालेलं असताना. मऊ फोमच्या गादीत दोन्ही आकड्यांत चांगला चार-पाच सेंमीचा फरक निघू शकतो. तिसरं, गादीचा काठ आणि पलंगाच्या चौकटीचा बाहेरचा काठ यांच्यातलं आडवं अंतर. बऱ्याच लाकडी पलंगांना गादीच्या बाहेर दोन ते पाच सेंमी रुंद पाटी असते. सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतो. चौथं, पलंगाखाली मोकळी जागा आहे का, असल्यास किती उंच आणि आत किती खोल. पाचवं, पलंगापासून भिंतीपर्यंत किंवा कपाटापर्यंतची जागा.

कॉटची बाहेरची मापं साधारण ९० ते १०० सेंमी लांब आणि ५५ ते ७० सेंमी रुंद असतात. आतली गादी बऱ्याच मॉडेलांत ८३ × ५० सेंमीच्या आसपास. पुस्तिकेत उंचीचे टप्पे दिलेले असतात, ते आपल्या पहिल्या आकड्याशी ताडून बघा. 'सर्व पलंगांना बसते' असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी त्यावर विसंबू नका.

---

निशाचर

चांगला धागा. थेट प्रश्न विचारतो. पलंग बॉक्स बेड आहे, खाली कप्पे, जमिनीपर्यंत बंद फळी. गादीची वरची उंची ४८ सेंमी. गादी चौकटीच्या आत बसते, पाटी ३ सेंमी बाहेर. कोणत्या प्रकारची कॉट चालेल?

---

रंधा

@निशाचर, तुमच्याकडे दोन वेगवेगळ्या अडचणी आहेत, दोन्ही सुट्या करून बघू.

पाय: बहुतेक कॉटचे पाय पलंगाखाली सरकतात. कॉटचा तोल त्या पायांवर असतो, म्हणून ते पलंगाच्या दिशेने लांब काढलेले असतात. बॉक्स बेडला हे पाय फळीवर आपटतात आणि कॉट फळीपासून दहा-वीस सेंमी लांब राहते. काही मॉडेलांत पलंगाकडचे पाय आत दुमडता किंवा आत सरकवता येतात, ते बघा. पुस्तिकेत 'जमिनीपर्यंत बंद पलंग' किंवा 'कप्प्याचा पलंग' असा वेगळा उल्लेख असायला हवा. पाय दुमडल्यावर कॉट एकटी उभी राहण्याइतकी स्थिर नसते, मग पलंगाला बांधायच्या पट्ट्यांशिवाय ती वापरायचीच नाही. हे दुकानदार सांगत नाहीत.

पट्टे: साध्या पलंगाला पट्टा बाजूच्या आडव्या दांड्याला किंवा गादीखालच्या फळ्यांना वळसा घालून बांधतात. बॉक्स बेडला वळसा घालायला जागाच नसते. तिथे लांब पट्टा गादीखालून पलीकडच्या काठापर्यंत नेऊन गादीलाच वेढावा लागतो. दुहेरी पलंगाची रुंदी १५० ते १८० सेंमी, त्यात जाडीचा वळसा धरून पट्टा किती लांब लागेल ते आधी मोजा, नाहीतर पट्टा पलीकडे पोहोचत नाही. शिवाय हायड्रॉलिकचं झाकण असेल तर ते उघडलं की पट्टा सैल पडतो. दर वेळी पुन्हा आवळायचा.

आणि ३ सेंमीची पाटी: इथे कॉट पाटीला टेकते, गादीला नाही. पट्टा कितीही आवळा, ३ सेंमी फट राहणारच. यावर उपाय एकच, मोठ्यांची गादी पाटीवरून कॉटपर्यंत सरकवणं, आणि तेही गादी पाटीच्या वर बसत असेल तर. पाटी गादीपेक्षा उंच असेल, म्हणजे गादी खोबणीत बसवलेली असेल, तर तो पलंग बेडसाइड कॉटसाठी नाही.

---

निशाचर

खोबणीतच आहे. फटीत टॉवेलची गुंडाळी घट्ट बसवली तर?

---

लिंबोणी

नाही. आणि 'नाही' का, ते नीट लिहिते, कारण हा प्रश्न सगळेच विचारतात.

नवजात बाळाला मान स्थिर धरता येत नाही. तोंड-नाक कशाला टेकलं तर ते मान उचलून बाजूला करू शकत नाही. फटीत धोका दोन प्रकारांनी येतो. एक, बाळ किंवा त्याचा चेहरा फटीत सरकतो आणि दोन पृष्ठभागांमध्ये दाबला जातो. दुसरा, छाती किंवा मान अडकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दुमडल्यासारखी अरुंद होते. दोन्हीत आवाज होत नाही. शेजारी झोपलेल्या माणसाला कळत नाही.

टॉवेल दाबला की दबतो, रात्रभरात खाली जातो, फट परत उघडते. आणि वर राहिला तर तोच मऊ अडथळा बाळाच्या नाकापाशी. उशी, लोड, फोमची पट्टी, सगळ्याला हेच लागू. फट भरायची नसते, ती मुळात नसावी लागते.

तुमच्या पलंगाला कॉट जोडू नका. तीच कॉट चारही कठडे वर करून, सर्व पाय बाहेर काढून, चाकं अडकवून पलंगाशेजारी सुटी ठेवा. बाळ त्याच खोलीत आणि दृष्टीसमोर राहतं, हवं तर हात लावता येतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सची २०२२ ची सूचनाही हीच आहे: किमान पहिले सहा महिने बाळ आई-बाबांच्या खोलीत असावं, पण त्याची झोपायची जागा वेगळी, सपाट आणि टणक असावी. जोडलेलीच असावी असं कुठेही नाही.

---

कडीकोयंडा

लिंबोणींना पूर्ण अनुमोदन.

पण एक शंका. हल्लीच्या कॉटची पलंगाकडची बाजू पूर्ण खाली जातच नाही. तळहाताएवढा कठडा राहतो. पूर्वीच्या कॉटमध्ये दोन्ही गाद्या सलग दिसायच्या, बाळाला नुसतं ओढून घेता यायचं. मग आता 'बेडसाइड' म्हणवण्यात काय राहिलं? उचलायचंच असेल तर साधी कॉट काय वाईट?

---

दुपटं

तो कठडा मुद्दाम ठेवलेला आहे. युरोपच्या ईएन ११३०:२०१९ या मानकानुसार पलंगाकडची बाजू खाली केल्यावरही बाळाच्या गादीच्या वर किमान १२ सेंमी कठडा उरला पाहिजे. कारण वर आलेलंच आहे: पट्टा सैल झाला, कॉट सरकली, तरी बाळ आणि फट यांच्यामध्ये काहीतरी राहावं.

यातून उंचीचा एक मोठा गैरसमज होतो, म्हणून उदाहरणासकट सांगते. जुन्या सल्ल्यात 'दोन्ही गाद्या एका पातळीत' असं असायचं. १२ सेंमी कठड्याच्या कॉटमध्ये पातळी जुळवायची ती खाली केलेल्या कठड्याच्या वरच्या काठाची आणि मोठ्यांच्या गादीची. समजा तुमची गादी जमिनीपासून ५४ सेंमी. मग कठड्याचा काठ ५४ वर आणि बाळाची गादी साधारण ४२ वर येईल. बाळ तुमच्यापेक्षा खाली झोपतं, आणि ते बरोबर आहे. कुणी गैरसमजाने बाळाची गादी ५४ वर आणली तर कठडा १२ सेंमी वर उभा राहतो, हात अवघडतो, मग लोक वैतागून तो कठडाच काढायचे उद्योग करतात.

उलट चूक जास्त वाईट. कठड्याचा काठ मोठ्यांच्या गादीपेक्षा खाली राहिला तर तुमचं पांघरूण, उशी, झोपेत पडलेला हात, सगळं उतारावरून बाळाकडे येतं. अर्थात अंतिम शब्द आपापल्या मॉडेलच्या पुस्तिकेचा. कोणत्या दोन गोष्टी जुळवायच्या हे तिथे चित्रात दाखवलेलं असतं, ते चित्र आधी शोधा.

@कडीकोयंडा, 'काय राहिलं' याचं उत्तर: १२ सेंमीवरून बाळ उचलणं आणि पूर्ण उंच कठड्यावरून उचलणं यात रात्री तीन वाजता बराच फरक पडतो. :)

---

मापटं

दुपटं, उत्तम. यात एक भर. उंचीचे टप्पे ठरलेले असतात, बहुधा तीन-चार सेंमीच्या अंतराने. तुमची गादी नेमकी दोन टप्प्यांच्या मध्ये आली तर कॉटच्या पायांखाली पुस्तकं, विटा, लाकडी ठोकळे ठेवून पातळी जुळवू नका. तोल पायांच्या रचनेवर हिशेबाने बसवलेला असतो आणि चाकं ठोकळ्यावर अडकवली तरी ठोकळा फरशीवर सरकतोच. दुसरं मॉडेल बघा, किंवा सुटी वापरा.

दोन्ही टोकांचे पाय वेगवेगळे सरकवता येतात अशी मॉडेलं असतील तर प्रत्येक पायावरचा आकडा वाचा. एका बाजूला ४ आणि दुसऱ्या बाजूला ५ असं राहून जातं आणि कॉट तिरकी होते. डोळ्यांना दिसत नाही, मोबाइलमधलं पाणसळीचं अ‍ॅप लगेच दाखवतं.

---

पहाटवारा

तिरक्यावरून आठवलं. काही कॉटमध्ये डोकं उंच करायची सोय मुद्दाम दिलेली असते, दूध उलटून येणाऱ्या बाळांसाठी. ती वापरावी का?

---

लिंबोणी

झोपताना नाही. डोकं उंच केल्यावर बाळ हळूहळू खाली घसरतं, कमरेत वाकतं आणि हनुवटी छातीवर येते. शिवाय घसरलेलं बाळ कुशीवर वळण्याची शक्यताही वाढते. दूध उलटणाऱ्या बाळालाही सपाट पृष्ठभागावर, पाठीवरच झोपवायचं. पाठीवर झोपलेल्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, उलटून आलेलं दूध तिच्यात जायला वर चढावं लागतं. म्हणून 'पाठीवर झोपवलं तर गुदमरेल' ही भीती उलटी आहे. बाळाला उलटीचा त्रास जास्त होत असेल, वजन वाढत नसेल तर ते डॉक्टरांचं काम आहे, कॉटच्या पायांचं नाही.

अमेरिकेत १० अंशांहून जास्त उताराच्या बाळझोपेच्या वस्तूंवर आणि कॉटच्या आतून बांधायच्या गादीदार बंपरवर २०२२ च्या कायद्याने बंदी आली. कॉटबरोबर 'भेट' म्हणून बंपर, उशी, लोळणरोधक असं काही आलं तर ते कॉटमध्ये ठेवायचं नाही. कॉटमध्ये काय असावं? टणक गादी, ताणून बसणारी चादर, बाळ. संपलं.

---

रंधा

आता गादी. इथे लोक हाताने दाबून बघतात आणि 'किती मऊ, छान' म्हणतात. बाळाच्या गादीला मऊ हे दूषण आहे.

ऑस्ट्रेलियात वापरली जाणारी एक घरगुती चाचणी फार उपयोगी आहे. १२ सीडी किंवा डीव्हीडी एकावर एक रचा. त्यावर १ लिटरचे दोन न उघडलेले दुधाचे किंवा रसाचे कागदी डबे आडवे, एकावर एक ठेवा. खालच्या डब्याचा काठ सीडींच्या कडेबाहेर ४० मिमी यायला हवा, तेवढी खूण आधीच डब्यावर करून घ्या. ही रचना गादीवर बाळाचं डोकं येईल तिथे ठेवा. डब्याचा बाहेर आलेला भाग गादीला टेकला तर गादी जास्त मऊ. सीडीच घरात नसल्या तर? कुणाच्या तरी माळ्यावर असतात. :)

चाचणी कॉटमध्ये, कॉटच्याच तळावर करा, जमिनीवर नाही. घडीच्या कॉटचा तळ दोन किंवा चार फळ्यांचा असतो आणि त्यांच्या जोडावर एक बारीक उंचवटा किंवा खळगा राहू शकतो. खालचे चिकटपट्टे नीट बसवले नाहीत तर फळी वर उचलली जाते आणि मध्ये डोंगर होतो. गादी काढून तळावर हात फिरवा.

गादी आणि कठडा यांच्यामध्ये दोन बोटं शिरायला नकोत. वर जादा गादी तर अजिबात टाकू नका. ५ सेंमीची 'आणखी आरामदायी' गादी टाकली की १२ सेंमी कठड्याचा ७ सेंमी झाला, शिवाय दोन गाद्यांच्या काठाशी नवी फट तयार झाली. गादी बदलायचीच असेल तर त्याच मॉडेलची, त्याच जाडीची.

लाकडी गजांची कॉट असेल तर गजांमधलं अंतर बघा. अमेरिकेच्या नियमात ते ६ सेंमीहून जास्त चालत नाही. शीतपेयाचा नेहमीचा डबा आरपार गेला तर अंतर जास्त आहे.

---

ओलीसुकी

बाळंतपण सिझेरियन होणार असेल तर कॉटची निवड वेगळी करावी का? कठडा खाली करायला दोन्ही हात लागतात असं काही मॉडेलांत दिसतंय.

---

दुपटं

करावी, आणि हा मुद्दा दुकानातच तपासता येतो. पलंगावर कुशीवर आडवं असताना हात जिथून येईल तिथून, एका हाताने, कठडा वर-खाली करून बघा. जिथे दोन्ही टोकांचे चाप एकदम दाबावे लागतात ती कॉट पोटाला टाके असताना जड जाते. चेन उघडून कठडा खाली टाकायची रचना असेल तर चेन एका हाताने सरकते का, कापडात अडकते का, ते पाहा. आवाजही ऐका. 'खट्' असा मोठा आवाज येणारा चाप बाळाला रोज उठवेल.

दुसरा मुद्दा पलंगावरून उतरण्याचा. कॉट जोडली की पलंगाची ती बाजू बंद होते. दोन मीटरच्या पलंगात ९५ सेंमीची कॉट उशाकडे लावली तर पायथ्याकडे मीटरभर जागा उरते आणि तिथपर्यंत सरकत जावं लागतं. टाके असताना ते कठीण. म्हणून पलंगाची दुसरी बाजू भिंतीला लावलेली असेल तर आधी ती सोडवा.

कॉट अगदी उशाच्या टोकाला लावायचीही गरज नाही. बाळ आईच्या छातीसमोर आलं पाहिजे, डोक्याशेजारी नाही. मात्र पट्टे त्या जागी बांधता येतील अशी जागा पलंगाला हवी.

---

कडीकोयंडा

चाप-कड्यांवर थोडं. 'अर्धवट अडकलेला कठडा' हा सगळ्यांत लबाड दोष. वर केल्यावर कठडा उभा दिसतो, पण एका टोकाची खुंटी खाचेत गेलेली नसते. वर केल्यावर दोन्ही टोकं धरून खाली आणि बाहेर झटका द्यायचा. ज्या मॉडेलांत अडकल्याची हिरवी खूण दिसते ती चांगली, तरी झटका द्यायचाच.

बाळ कॉटमध्ये एकटं असेल आणि पलंगावर कुणी नसेल, तेव्हा कठडा वर. 'दोन मिनिटांत येतेच' तेव्हाही.

आणि कुणी विचारायच्या आधीच: 'अमेरिकेत खाली सरकणाऱ्या कठड्याच्या कॉटवर बंदी आहे ना?' ती बंदी २०११ मध्ये लागू झाली, पूर्ण आकाराच्या आणि त्याहून लहान-मोठ्या नेहमीच्या क्रिबसाठी (क्रिब म्हणजे चारही बाजूंनी कठडे असलेला बाळाचा पलंग). बेडसाइड कॉट तिथे वेगळ्या मानकात मोडते. म्हणून जुनी, सरकत्या कठड्याची क्रिब एका बाजूने काढून, दोरीने पलंगाला बांधून 'घरगुती बेडसाइड' बनवू नका. तिच्या चौकटीचा ताठपणा चारही बाजूंवर अवलंबून असतो. एक काढली की उरलेल्या तीन फाकतात.

---

रंधा

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). दोनदा पडला होता.

---

पहाटवारा

वापरलेली कॉट घ्यायची असेल तर काय बघावं?

---

रंधा

आधी खालचं लेबल. मॉडेल, बनवल्याचं वर्ष आणि मानकाचा क्रमांक वाचता आला पाहिजे. ईएन ११३० च्या पुढे २०१९ असेल तर १२ सेंमी कठड्याचा नियम त्या कॉटला लागू आहे. मॉडेलचं नाव आणि 'परत मागवलेलं उत्पादन' असं शोधून बघा. लेबल फाडलेलं असेल तर तिथेच थांबा.

मग पट्टे. जुनी कॉट बहुतेकदा पट्ट्यांविनाच येते, कारण ते काढून कुठेतरी ठेवलेले असतात आणि हरवतात. बाजारातला सामान बांधायचा पट्टा पर्याय नाही: त्याचं बकल वेगळं, रुंदी वेगळी, आणि तो कॉटच्या खाचेत बसत नाही. उत्पादकाकडून मूळ पट्टे मिळत असतील तरच व्यवहार करा.

नंतर जोडणी. कॉट उभी करून वरच्या काठाला धरून आडवी हलवा. कुरकुर चालते, डुगडुगणं चालत नाही. लाकडी असेल तर स्क्रूची भोकं बघा. एकदा भोक मोठं झालं की स्क्रू कितीही फिरवा, धरत नाही, आणि काडी-गोंद भरून बसवलेला स्क्रू बाळाच्या कॉटला नको. जाळीची असेल तर जाळी उसवलेली, फाटलेली नको, उसवलेल्या भोकात बोट अडकतं. गादी नवीच घ्या.

खूप जुन्या, रंगवलेल्या लाकडी कॉटच्या रंगात शिसं असण्याचा धोका आहे. वरून नवा रंग दिल्याने तो जात नाही.

---

निशाचर

सुटी ठेवायची ठरली तर चाकांची हवी की बिनचाकांची?

---

मापटं

चाकं असतील तर किमान दोन अडकणारी हवीत. दिवसा दुसऱ्या खोलीत न्यायची असेल तर चाकं सोयीची, पण बाळ आत असताना ढकलत न्यायची की नाही हे पुस्तिकेत बघा, बऱ्याच ठिकाणी 'नाही' लिहिलेलं असतं. उंबरठ्यावर अडकलेलं चाक आणि उंच कॉट हे जोडगोळीने पडतात. डोलायची सोय असेल तर पलंगाला जोडलेल्या स्थितीत ती बंद करायची कडी आहे ना, ते बघा.

---

लिंबोणी

कॉट कुठे ठेवायची हेही थोडक्यात. खिडकीच्या पडद्याच्या दोऱ्या, मोबाइल चार्जरच्या आणि दिव्याच्या वायरी बाळाच्या हाताला येणार नाहीत इतक्या लांब. हीटरजवळ नको, थेट उन्हात नको. भिंतीवरचं फळकूट, फ्रेम कॉटच्या वर नको.

मच्छरदाणी लावत असाल तर ती कॉटच्या आत लोंबू देऊ नका. जोडलेल्या स्थितीत सोपा मार्ग म्हणजे पलंग आणि कॉट मिळून एकच मोठी मच्छरदाणी. मात्र तिची कड कॉट आणि गादीच्या मध्ये खोचू नका. जाळीची घडी तिथे अडकली की पट्टा आवळल्यासारखा वाटतो आणि जाळी ओढल्यावर फट उघडते.

मोठ्यांच्या पांघरुणाकडेही लक्ष द्या. दुहेरी रजई कॉटच्या बाजूला ओघळते. कॉटच्या बाजूला झोपणाऱ्याने स्वतंत्र, अरुंद पांघरूण घ्यावं. बाळाला जास्त गरम होतंय का हे मानेच्या मागे आणि छातीवर हात लावून बघा. हातपाय गार असणं हे काही थंडी वाजत असल्याचं लक्षण नव्हे.

---

ओलीसुकी

किती महिने चालते ही कॉट? खोक्यावर '० ते ६ महिने' आहे आणि पुस्तिकेत '९ किलो'.

---

दुपटं

दोन्हीपेक्षा आधी येणारी तिसरी मर्यादा आहे. बाळ हातांवर किंवा गुडघ्यांवर उठायला लागलं, बसायला लागलं, कठडा धरून स्वतःला ओढायला लागलं, त्या दिवशी कॉट संपली. वजन ६ किलो असो की ९. बरीच बाळं पाचव्या महिन्याच्या आसपास इथे पोहोचतात. १२ सेंमी कठडा पाठीवर झोपलेल्या बाळासाठी आहे, चार पायांवर उभ्या बाळाचं गुरुत्वमध्य त्याच्या वर जातं. त्यामुळे पुढची मोठी कॉट चौथ्या महिन्यापर्यंत ठरवून ठेवा. एवढ्या कमी काळासाठी फार महाग कॉट घ्यावी का, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझं मत: पट्टे आणि चाप चांगले असतील तर बाकी सगळं साधं चालेल.

जुळ्यांसाठी एकाच बेडसाइड कॉटमध्ये दोघांना ठेवू नका, ५० सेंमी रुंदीत ते एकमेकांच्या चेहऱ्यावर जातात.

---

कडीकोयंडा

कॉट बसवल्यावरची तपासणी लिहून ठेवतो, दोन माणसं लागतात.

एकाने कॉटच्या बाजूला, पलंगाच्या काठावर बसायचं, मग आडवं व्हायचं, मग कूस बदलायची. दुसऱ्याने जमिनीवर बसून कठडा आणि गादी यांच्या रेषेत बघायचं. बसल्यावर मऊ गादीचा काठ खाली आणि आत झुकतो आणि वरच्या बाजूला व्हीसारखी चीर उघडते. रिकाम्या पलंगाला सगळ्याच कॉट घट्ट दिसतात, खरी परीक्षा वजनाखाली. चीर उघडत असेल तर गादीला काठाचा आधार नाही, पट्टा आवळून ती जाणार नाही.

मग कॉट दोन्ही हातांनी धरून पलंगापासून जोरात बाहेर ओढा. हलली तर पट्टा बकलमध्ये परत उलटा ओवून आवळा. नवा पट्टा पहिल्या रात्रीनंतर थोडा सैल पडतोच, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि पुढे रोज झोपायच्या आधी एकदा ओढून बघायचं. पट्ट्याची उरलेली शेपटी गुंडाळून पलंगाखाली अडकवा, कॉटमध्ये लोंबू देऊ नका. लाकडी कॉटचे स्क्रू आठवड्याने परत फिरवा.

दोन एकेरी पलंग जोडून केलेला दुहेरी पलंग असेल तर पट्टा फक्त जवळच्या पलंगाला बांधून भागत नाही, तो पलंगच कॉटसकट सरकतो. आधी दोन्ही पलंग एकमेकांना पक्के करा.

---

ओलीसुकी

धन्यवाद सगळ्यांना. शेवटचं: कापडी कव्हर धुवायला काढल्यावर परत बसवताना चेन पूर्ण लागत नाही, कापड आटलं असावं. दोन-तीन सेंमी उघडी राहिली तर चालेल?

---

रंधा

नाही चालणार. बऱ्याच कॉटमध्ये ते कापडच कठड्याचं काम करतं, चेन उघडी म्हणजे तिथे कठडा नाही. आधी बघा की कापड उलटं तर बसवलं नाही: उशाकडची आणि पायथ्याकडची बाजू सारखी दिसते पण शिवण वेगळी असते. दमट असतानाच ताणून बसवलं तर बहुतेकदा लागतं, मग कॉटवरच पूर्ण वाळू द्या आणि गादी त्यानंतरच घाला. तरीही लागत नसेल तर नवं कव्हर मागवा.

---

ओलीसुकी

उलटंच बसलं होतं. लागली चेन.

---